कॅन्ससच्या छोट्या गावात तीन वर्षं: गार्डन सिटी की डॉज सिटी?

खतावणी (कोल्हापूर)

थोडं लांबलचक लिहिते. घरात सगळ्यांना हे सांगून झालंय आणि प्रत्येकाने त्यातला आपल्या सोयीचा भाग उचललाय, म्हणून आता तिऱ्हाइतांना विचारते.

नवरा पेनसिल्व्हेनियात इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीच्या (डॉक्टर झाल्यावरचं दवाखान्यातलं प्रशिक्षण) शेवटच्या वर्षाला आहे, जे-१ व्हिसावर. तो संपला की नियमाने दोन वर्षं भारतात यायचं, नाहीतर जिथे डॉक्टर कमी आहेत अशा भागात तीन वर्षं काम करून ती अट माफ करून घ्यायची. आम्ही दुसरा रस्ता धरलाय. बोलावणी दोन आली आणि दोन्ही कॅन्ससच्या नैऋत्य कोपऱ्यातली. गार्डन सिटी आणि डॉज सिटी. सही याच महिन्यात करायची आहे.

मी आणि सात वर्षांची मुलगी सध्या राजारामपुरीत, सासू-सासऱ्यांकडे. आधी तिकडेच होतो, सासऱ्यांची बायपास झाली तेव्हा आले ती इथेच राहिले. इथे माझं स्वतःचं काम आहे. उद्यमनगरातले लेथवाले, पॅटर्नवाले, शिरोलीच्या काही फौंड्र्या, यांचे हिशेब आणि जीएसटी. महिन्याच्या वीस तारखेला माझ्याशी कुणी बोलत नाही, एवढं काम आहे.

आकडे बघायची सवय, म्हणून आधी तेच बघितले. अख्ख्या कॅन्सस राज्याची वस्ती २०२० च्या जनगणनेत २९ लाखांच्या थोडी वर. आपल्या एकट्या कोल्हापूर जिल्ह्याची २०११ मध्येच ३८ लाखांवर होती. आणि ते राज्य महाराष्ट्राच्या दोन तृतीयांशाहून मोठं! दोन्ही गावं २८ हजारांच्या आसपास, म्हणजे कागलपेक्षाही लहान. मग माणसं आहेत कुठे?

नवरा ऑगस्टमध्ये दोन्हीकडे जाऊन आला. ‘मस्त मोकळं आहे’ म्हणाला. वाऱ्याचं विचारलं तर ‘असतो थोडा’. ह्यांचं ‘थोडा’ मला लग्नापासून माहीत आहे, म्हणून तिथे राहणाऱ्यांकडून ऐकायचंय. सासूबाईंना कॅन्सस म्हटलं की २०१७ ची ती ओलेथाची बातमी आठवते, बारमध्ये हैदराबादच्या इंजिनिअरला गोळ्या घातल्या ती. सासऱ्यांना टोर्नेडो. मला पुराची भीती नाही, कारण तो सांगून येतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की इशारा, ४३ ला धोका, तोवर खालच्या गल्लीतले फ्रिज वरच्या मजल्यावर गेलेले असतात. टोर्नेडोचं तसं काही असतं का?

आणि खरा प्रश्न, जो घरात कुणी विचारत नाही: नवरा दवाखान्यात, मुलगी शाळेत, मी दिवसभर काय करायचं?

मालू इचलकरंजी (सध्या गार्डन सिटी)

ताई, मी गार्डन सिटीतच राहते. माझे मिस्टर गुरांच्या खाद्याच्या धंद्यात आहेत, त्यामुळे आम्ही दवाखान्याच्या वाटेने नाही, गोठ्याच्या वाटेने आलो. भावजींनी ऑगस्टमध्ये बघितलं ते खोटं नाही, पण ऑगस्ट हा इथला शांत महिना. खरा वारा मार्च-एप्रिलमध्ये. मार्चमध्ये येऊन बघा म्हटलं असतं, पण तुमची सही त्याआधीच आहे, तेव्हा मीच सांगते.

पश्चिमेला रॉकी पर्वत आहे. त्याच्या पूर्वेच्या उताराला हवेचा कमी दाब तयार होतो आणि मधे अडवायला ना डोंगर, ना झाडी. डॉज सिटी अमेरिकेतल्या सगळ्यात वाऱ्याच्या गावांमध्ये मोजलं जातं. वर्षाची सरासरीच ताशी वीस किलोमीटरच्या वर आहे. सरासरी म्हणजे रात्र धरून, शांत दिवस धरून. वसंतात साठ-सत्तरचे झोत येतात आणि ते दोन-दोन दिवस थांबत नाहीत. पन्हाळ्यावर पावसाळ्यात सज्जा कोठीपाशी छत्री उलटते, तो वारा घ्या आणि त्यातून पाऊस काढून टाका. इथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, तेवढाच.

रोजच्या जगण्यात याचा अर्थ काय, ते ऐका. गाडी लावताना तोंड वाऱ्याकडे करून लावायची. पाठीमागून वारा असला तर दार हातातून सुटतं, बिजागरी वाकते, नाहीतर शेजारच्याच्या गाडीला पोचा पडतो. मुलांना स्वतः दार उघडायला द्यायचं नाही, हे इथे सगळ्या आया पहिल्यांदा शिकवतात. कचऱ्याचा डबा गाडी यायच्या वेळेलाच बाहेर ठेवायचा. अंगणात ट्रॅम्पोलिन असेल तर जमिनीत खिळवायचं, नाहीतर ते शेजाऱ्याचं होतं. कपडे दोरीवर वाळत घालायची हौस असेल तर ती कोल्हापुरातच भागवून या. ओठ फुटतात, डोळ्यांत माती जाते, आणि कुणी सांगत नाही पण वाऱ्याचा आवाजच डोकं उठवतो. पहिल्या वसंतात मी संध्याकाळी विनाकारण चिडायचे. शेजारीण म्हणाली, एप्रिल आहे, होतं.

वास. आजूबाजूला फीडलॉट आहेत, हजारोंनी गुरं एका जागी. वारा त्या बाजूचा असला की गावात कळतं. माझे मिस्टर म्हणतात हा पगाराचा वास आहे. मला अजून तसा लागत नाही.

धूळ मात्र हसण्यावारी नेऊ नका. १४ मार्च २०२५ ला गुडलंडजवळ आय-७० वर धुळीने पुढचं काही दिसेना, सत्तरच्या वर गाड्या एकमेकींवर आदळल्या, आठ माणसं गेली. समोर तपकिरी भिंत दिसली तर तिच्यात शिरायचं नाही, आधीच्या फाट्याला बाहेर पडायचं. सापडलातच तर रस्ता पूर्ण सोडून बाजूला थांबायचं, सगळे दिवे बंद करायचे आणि ब्रेकवरचा पायही काढायचा. मागचा माणूस तुमच्या लाल दिव्यामागे रस्ता समजून येतो.

टोर्नेडोचं सांगते. तुमची बंधाऱ्याची भाषा इथे चालेल. ‘वॉच’ म्हणजे ३९ फूट: हवा तशी आहे, फोन चार्ज करा, मूल कुठे आहे ते माहीत ठेवा. ‘वॉर्निंग’ म्हणजे ४३: रडारवर किंवा डोळ्यांनी दिसलाय, आत्ता खाली. फरक एवढाच की पंचगंगा दोन दिवस देते, इथे मिनिटं मिळतात. फ्रिज वर न्यायला वेळ नाही, आपण खाली जायचं. जास्त धोका एप्रिल ते जून, बहुतेक वेळा दुपारनंतर. विचिटाला जाताना वाटेत ग्रीन्सबर्ग लागतं. ४ मे २००७ च्या रात्री अडीच किलोमीटरहून रुंद टोर्नेडो त्या गावावरून गेला. ९५ टक्के गाव भुईसपाट झालं आणि गावात अकरा माणसं गेली. दीड हजाराच्या आतलं गाव. बाकीची वाचली ती सायरन आधी वाजला म्हणून आणि तळघरं होती म्हणून. आता गाव नव्याने बांधलंय, सासऱ्यांना घेऊन जा, बघण्यासारखं आहे.

म्हणून घर बघताना स्वयंपाकघर नंतर, आधी तळघर. आणि गाडीला बंद गॅरेज, गारांसाठी. इथे लिंबाएवढ्या गारा पडतात. पुढे घर घेतलंत तर विम्यात वारा आणि गारांसाठी वेगळी कपात असते, घराच्या विमा रकमेच्या एक-दोन टक्के. म्हणजे तीन लाख डॉलरच्या घराचं छप्पर गेलं तर पहिले तीन ते सहा हजार तुमचे. तुम्ही हिशेबातल्या, तुम्हाला जास्त सांगत नाही.

पेठेतला (मंगळवार पेठ)

वैनी, मी अमेरिकेला गेलेलो नाही, तरी मत देतो, कारण कोल्हापूरकर.

माझं उद्यमनगरात वर्कशॉप हाय. तुमच्या गिऱ्हाइकांपैकी नाही, पण असतो तर काय म्हणालो असतो ते सांगतो. हिशेबाचा माणूस बदलला की वर्षभर नोटिसा निस्तरत बसाय लागतंय. जुन्याला माहीत असतंय कुठल्या पार्टीचं बिल उशिरा येतंय आणि कुठल्याचं येतच नाही. तेव्हा जायचं तर जावा, पण जायच्या आधी एक पोरगी तयार करा आणि तिला आमच्याकडं घेऊन फिरा. नुसता फोन नंबर देऊन जाऊ नका.

बाकी जिथं मटण मिळत नाही तिथं तीन वर्षं काढायची म्हणजे भावजींचं धाडस मानलं पाहिजे.

प्लॅटकाठ (नेब्रास्का)

मी डॉक्टर आहे, शेजारच्या राज्यात हीच तीन वर्षं काढली आणि पुढेही इथेच राहिलो. वाऱ्याबद्दल मालूताईंनी लिहिलंय त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे नाही. मी तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण त्याचं उत्तर गावात नाही, करारात आहे.

नवरा जे-१ वर असताना तुम्ही जे-२ वर, म्हणजे त्याच्या बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर होतात. जे-२ वर अर्ज केला की काम करायची परवानगी मिळते. दोन वर्षांच्या अटीची माफी मिळाल्यावर तो एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर जाईल आणि तुम्ही त्याच्या बायको म्हणून एच-४ वर. एच-४ वर काम करता येत नाही. परवानगी मिळते ती नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा अर्ज, मंजूर झाल्यावर. हे बहुतेक डॉक्टरांच्या बायकांना तिकडे पोचल्यावर कळतं.

म्हणून आय-१४० कधी, हा प्रश्न सहीच्या आधी विचारायचा. रस्ते दोन. एक, दवाखाना नेहमीच्या पद्धतीने ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू करतो. काही दवाखाने म्हणतात वर्षभर बघू आणि मग सुरू करू, ते वर्ष तुमचं जातं. दुसरा, कमी डॉक्टरांच्या भागात एकूण पाच वर्षं काम करायचं कबूल करणाऱ्या डॉक्टरांसाठी राष्ट्रीय हिताचा अर्ज. त्यात पाच वर्षं पुरी व्हायच्या आधीच आय-१४० मंजूर होऊ शकतो. पाच वर्षांची अट ग्रीन कार्ड हातात पडण्यासाठी आहे. भारतीयांची रांग एवढी लांब आहे की ती पाच वर्षं त्या रांगेतच निघून जातात. दवाखाना यातलं काय करणार, किती महिन्यांत आणि वकिलाची फी कोण भरणार, हे कागदावर घ्या. तोंडी ‘हो हो, करू’ चालणार नाही.

कोल्हापूरची कामं तिथून करण्याबद्दल इथे कुणाचंही ऐकू नका, माझंही नाही. इमिग्रेशन वकील आणि तिथला टॅक्सवाला, दोघांना वेगवेगळं विचारा.

सध्याच्या दिवसांत आणखी एक. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरची रक्कम लावली गेली. नवरा तिथेच राहून स्टेटस बदलतो की भारतात येऊन व्हिसा घेतो, याने फार फरक पडू शकतो. मुलीच्या वाढदिवसाला म्हणून तिकीट काढण्याआधी वकिलाला फोन.

करारातलं बाकीचं भरभर सांगतो. उपचारातल्या चुकांच्या दाव्यांचा विमा ‘क्लेम्स-मेड’ (विमा चालू असताना आलेल्या दाव्यांपुरताच) असेल तर नोकरी सोडताना ‘टेल’, म्हणजे नंतर येणाऱ्या दाव्यांसाठीचा जादा विमा, कोण भरणार. नोकरी सोडल्यावर अमुक मैलांत प्रॅक्टिस करायची नाही असं कलम असेल तर काढायला लावा, लहान गावात त्याचा अर्थ गाव सोडा असा होतो. आणि कामाच्या पाळ्या. दवाखान्यातल्या डॉक्टरला बहुतेक सात दिवस बारा-बारा तास आणि मग सात दिवस सुट्टी असते. त्या सात दिवसांत तुम्ही एकट्या असता आणि पुढच्या सात दिवसांत तो घरात सारखा समोर असतो. माझी बायको म्हणते दुसरा आठवडा जास्त अवघड.

खतावणी

प्लॅटकाठ, तुमचं उत्तर नवऱ्याला वाचून दाखवलं. एच-४ चं त्याला माहीत होतं! ‘तुला टेन्शन नको म्हणून बोललो नाही’ म्हणे. त्यानंतर आमच्यात काय झालं ते इथे लिहीत नाही. पण आय-१४० ची ओळ करारात घालण्यासाठी त्याने दोन्ही दवाखान्यांना मेल टाकली आहे.

उत्तरं आली. एकाने लिहिलं, नव्वद दिवसांत प्रक्रिया सुरू करू, फी आमची. दुसऱ्याने लिहिलं, पहिल्या वर्षाच्या कामगिरीनंतर विचार करू. कुठलं कुणाचं ते सांगत नाही.

पेठेतले भावजी, पोरगी तयार करतेय. बी.कॉम. झालेली आहे, रंकाळ्याजवळ राहते, माझ्यापेक्षा शांत आहे. तुमची सूचना पटली, तिला स्कूटरवर मागे बसवून दारोदार नेणार आहे. आणि मटणाचा प्रश्न मी मुद्दामच टाळला होता, तुम्ही काढलात.

मालू, दोन गोष्टी राहिल्या. सासूबाईंना काय सांगू? आणि भाकरी-मटणाचं खरं काय आहे?

मालू इचलकरंजी

आईंना खोटं सांगू नका. ओलेथाचं खरं आहे, ते आमच्यापासून सहा-एक तासांवर, कॅन्सस सिटीला लागून. त्याहून जवळचं मी सांगते. २०१६ मध्ये इथल्याच, गार्डन सिटीतल्या सोमाली लोकांच्या इमारती उडवायचा कट तिघांनी केला होता. आधीच पकडले गेले, २०१८ मध्ये दोषी ठरले. तेव्हा गावातली बरीच माणसं सोमाली लोकांच्या बाजूने उभी राहिली, हेही तितकंच खरं. तुम्ही दोन्ही सांगा आणि त्यांना ठरवू द्या. मी रात्री दुकानातून एकटी येते. हायवेवरच्या अनोळखी बारमध्ये जात नाही, पण तशी मी इचलकरंजीतही जात नव्हते.

माणसं कुठे आहेत, हे तुम्ही विचारलं होतं. या कोपऱ्यातल्या दोन्ही गावांत किंवा गावांना लागून बीफचे मोठे कारखाने आहेत आणि त्यांच्या कामासाठी जगभरातून लोक आलेत. निम्मी किंवा त्याहून जास्त वस्ती मूळच्या मेक्सिको वगैरे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांकडच्या लोकांची. शाळेत मुलीच्या वर्गात मेक्सिकोची, ग्वाटेमालाची, सोमालियाची, म्यानमारची मुलं असतील. न्यू जर्सीसारखे भारतीय शेजारी मिळणार नाहीत, पण वर्गात ती एकटीच ‘बाहेरची’ असंही होणार नाही. माझा मुलगा मराठीपेक्षा स्पॅनिश बरी बोलतो, यावर घरात वाद आहे.

म्हणून मटण मिळतं. बोकडाचं, हलाल, सोमाली दुकानात. मेक्सिकन लोकही बोकड खातात, त्यामुळे मागणी आहे. तुकडे मात्र स्वतः सांगून करून घ्यायचे, नाहीतर हाडासकट करवतीने चकत्या करतात. कांदा-लसूण चटणी येताना आणा. सुक्या लाल मिरच्या मेक्सिकन दुकानात ढिगाने मिळतात, पण रंग आपल्यासारखा येत नाही. तांबड्या रश्श्यासाठी मी दोन-तीन जाती मिसळते आणि मिस्टर गप्प खातात. पांढरा रस्सा व्यवस्थित होतो. खोबरं, तीळ, खसखस यांतलं काही अडत नाही.

ज्वारीची गंमत आहे. कॅन्सस ज्वारी पिकवण्यात अमेरिकेत पहिल्या नंबरावर. सप्टेंबरात गावाबाहेर पडलात की दोन्ही बाजूंना लाल-तपकिरी कणसं, बुटकी, कमरेएवढी. इथे तिला ‘मायलो’ म्हणतात. आणि खातं कोण, तर गुरं. उरलेली इथेनॉलला आणि परदेशात. खायचं पांढऱ्या ज्वारीचं पीठ दुकानात ‘ग्लूटेन-फ्री’च्या कप्प्यात छोट्या पिशवीत, अंगावर येईल अशा किमतीला. ते जुनं असतं, भाकरीला चिरा जातात. उकड काढून मळा, जमते.

गार्डन सिटी की डॉज सिटी? दोन्हीत ऐंशी-नव्वद किलोमीटरचं अंतर, वारा तोच, वास तोच. डॉज सिटीला काऊबॉयचं नाव आहे, तिथलं बूट हिल हे जुन्या काळाचं संग्रहालय बघायला पर्यटक येतात. आमच्याकडे प्राणिसंग्रहालय आहे, पायी गेलात तर फुकट, मुलगी सात वर्षांची म्हणून सांगते. आणि इथून डॅलसला विमान आहे. बाकी मोठं काही हवं असलं की विचिटा, साडेतीन तास. देऊळही तिकडेच. शिकागोहून लॉस एंजेलिसला जाणारी रेल्वे दोन्ही गावांत थांबते, पण रात्री-पहाटेच्या अडनिड्या वेळी. तुम्हाला गाडी चालवता येते का? येत नसेल तर पेनसिल्व्हेनियात वगैरे नाही, कोल्हापुरातच शिकायला लागा. बिनागाडीची बाई इथे घरातच अडकते.

पण ताई, नव्वद दिवस ज्यांनी लिहून दिलंय तिकडेच जा, गाव कुठलंही असो. डॉज निघालं तर मी तासाभराच्या आत आहे.

खतावणी

गार्डन सिटीच निघालं. सही शुक्रवारी.

गाडी येते. गंगावेशीतून चालवलेली आहे, तुमचा हायवे कठीण जाणार नाही. धुळीचं मात्र लिहून फ्रिजवर लावलंय. सासूबाईंना दोन्ही गोष्टी सांगितल्या. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, सोमाली लोक मटणात काय घालतात ते विचार.

भाड्याची दोन घरं नवऱ्याने पाठवली आहेत, दोन्हींना तळघर. एकाच्या तळघरात निजायची खोली केलेली आहे, स्वस्तही आहे. तळघर म्हटलं की मला पावसाळ्यातली ओल आणि बुरशी आठवते. मुलीला तिथे निजवावं का?

मालू इचलकरंजी

ओलीची फारशी काळजी नको, इथे पाऊसच कुठे आहे. दोन गोष्टी बघा. त्या खोलीला माणूस बाहेर पडू शकेल एवढी मोठी खिडकी हवी, ती नसेल तर नियमाने ती निजायची खोलीच नाही, जाहिरातीत काही लिहू देत. आणि रेडॉन. जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू, त्याला वास नाही, रंग नाही, तळघरात साठतो. कॅन्ससमध्ये त्याचं प्रमाण बऱ्याच ठिकाणी जास्त आहे. तपासणीचं किट स्वस्तात मिळतं, काही दिवस तळघरात ठेवून प्रयोगशाळेला पाठवायचं. आकडा हवेच्या लिटरमागे ४ पिकोक्युरीच्या (किरणोत्सार मोजायचं माप) वर आला तर घरमालकाला पंखा-पाईप बसवायला सांगा, नाही म्हणाला तर दुसरं घर.

सोमाली मटणाचं उद्या दुकानात जाऊन विचारते. वेलची आणि जिरं नक्की असतं, बाकीचं ती बाई सांगत नाही.